स्वभावाला औषध

बेंगळुरूत, जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात, बाजाराच्या मागच्या गल्लीत कस्तुराबाईचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान बाईच्या जिवावर चालायचं आणि पाटीवर नाव नवऱ्याचं, 'दयानंद टेलर्स', हे आपल्याकडे खपून जातं. दयानंद पूर्वी शर्ट-पँट शिवायचा. रेडीमेड कपड्यांनी ते काम खाल्लं, तेव्हापासून तो काउंटरवर बसून लेस, अस्तर आणि हुक विकतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. बेतायचं आणि कापायचं काम गेली बावीस वर्षं कस्तुराबाईचं. तिची दहा इंची कात्री दुसऱ्या कुणी उचललेली तिला चालत नसे.

तिचा एक नियम होता. बायका मापाला म्हणून जुना ब्लाउज घेऊन येतात, तिकडे त्याला 'अळते' म्हणतात. कस्तुराबाई तो घडी करून बाजूला ठेवायची आणि गळ्यातला टेप काढायची.

"अळते राहू दे हो. ह्या ब्लाउजातली बाई दोन वर्षांपूर्वीची आहे. मला आजची पाहिजे."

गिऱ्हाईक हसायचं आणि हात पसरून उभं राहायचं. असा नियम पाळणाऱ्या बाईला तिच्याच घरच्यांनी जुन्या ब्लाउजावर जोखलं, त्याची ही गोष्ट आहे.

पाच वर्षांपूर्वी कस्तुराबाई फुगायला लागली. चेहरा भाकरीसारखा गोल झाला, पोट सुटलं, मानेच्या मागे मांसाचा गोळा आला, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे. छत्तीसचं माप चव्वेचाळीसवर गेलं. शेजारणी म्हणाल्या, सुख मानवलं. नणंदा म्हणाल्या, हात आवर. ती बिचारी एक वेळ जेवत होती. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी दंडावर काळानिळा डाग उठायचा, बी.पी. चढलं, साखर चढली. दोन वर्षं दारोदार हिंडल्यावर हार्मोनच्या एका डॉक्टरांनी नेमकं काय ते शोधून काढलं. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिच्यावर तुरीच्या डाळीएवढी गाठ होती, आणि तिच्यामुळे कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य अंगात भलतंच वाढलं होतं. नाकातून ऑपरेशन झालं आणि गाठ निघाली.

दयानंदचा गुणही सांगायला हवा, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. अकरा दिवस तो हॉस्पिटलात बाकावर झोपला. तिला घोट घोट पाणी पाजलं, तिची वेणी घातली, गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या. फाइल तोच सांभाळायचा, डॉक्टरांशी तोच बोलायचा. कस्तुराबाईला कन्नड लिहिता-वाचता येतं, घरात बोलायची मराठी जेमतेम, इंग्रजी मात्र टेपवरच्या आकड्यांपलीकडे नाही. तिनं सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. आपला माणूस एवढं करतोय म्हणून ती गहिवरायची.

वर्ष-दीड वर्षात अंग उतरलं. एका सकाळी दयानंदनं ट्रंकेतून तिचा जुना मरून ब्लाउज काढला, आजारपणाच्या आधीचा, आणि म्हणाला, "घालून बघ." तिनं घातला. हुक सहज लागले. त्यानं तिला तशीच दुकानात नेली आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "बघा, होती तशी परत मिळाली. रिपोर्ट नॉर्मल, ब्लाउज नॉर्मल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून कस्तुराबाई बरी झाली, असं ठरलं.

ब्लाउजाच्या आत काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. काज करता करता तिला रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही. पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे. गाण्यात मन लागत नव्हतं, जेवण मातीसारखं लागायचं. आणि राग. एरवी चार गिऱ्हाइकं एकदम सांभाळणारी बाई, पण रेषा जरा वाकडी गेली की डोक्यात काहीतरी फुटायचं, तोंडातून नको ते निघून जायचं आणि मग दोन दिवस ती स्वतःला कोसत बसायची. आजारात असं झालं की दयानंद सगळ्यांना सांगायचा, "ती नाही बोलत, तिचं दुखणं बोलतंय." आता रिपोर्ट नॉर्मल होता. आता दुखण्याला बोलायची सोय राहिली नाही.

यंदा श्रावणात, वरमहालक्ष्मीच्या सणाआधीच्या आठवड्यात व्हायचं ते झालं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दयानंदची धाकटी भावजय शिवलीला बिदरहून लग्न होऊन आलेली, बारावी शिकलेली, कापायला कस्तुराबाईकडेच शिकली. तिनं बाहीचा खडू चुकीच्या बाजूला मारला. कस्तुराबाई गिऱ्हाइकांसमोर ओरडली, "हात आहेत का खुरपं? आईनं हेच शिकवून पाठवलं का?" आणि हातातली कात्री टेबलावर आपटली. तिचं टोक एका नवरीच्या रेशमी ब्लाउजपीसमध्ये घुसलं आणि वीतभर कापड फाटलं. शिवलीलाची आई वर्षापूर्वीच गेली होती. ती रडत मागच्या खोलीत निघून गेली.

संध्याकाळी दयानंदनं कात्री उचलून शिवलीलाला दिली.

"आता दुखण्याचं निमित्त नाही, कस्तुरा. जे आहे तो तुझा स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेपर्यंत मागं बसून हुक लाव. जीभ आवरलीस तर त्या दिवशी सगळ्यांसमोर शिवलीलाची माफी माग, मग कात्री घे परत. नाहीतर ती तिच्याकडेच राहील."

कस्तुराबाईनं मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण तिला ते पटलं होतं. बावीस वर्षांची कात्री गेली ती आपल्या पापानं, असं तिनं धरलं. दोन महिने ती मागच्या खोलीत म्हाताऱ्या कृष्णाबाईशेजारी बसून हुक लावत राहिली. जिभेवर वेलची धरायची, म्हणजे बोलायला तोंड उघडणार नाही. सोमवार धरले. उत्तर माहीत असलं तरी एकदा जेवताना तिनं भीत भीत विचारलं होतं.

"अहो, हे त्या दुखण्यातलंच तर नसेल?"

दयानंदनं ताटातून मान वर केली नाही. "दुखणं गेलं. डॉक्टर म्हणाले ना. सारू वाढ."

आयुधपूजेच्या चार दिवस आधी तिची वर्षाची तपासणी आली. एरवी दयानंद बरोबर असायचा, पण सणाची गर्दी होती, काउंटर सोडता येईना. त्यानं रिक्षा करून दिली आणि म्हणाला, "रक्त द्यायचं, फाइल दाखवायची, यायचं. जास्ती बोलत बसू नको." फाइल घेऊन एकटी जायची तिची ही पहिली वेळ.

सकाळी तिनं रक्त दिलं आणि दुपारी रिपोर्ट आल्यावर आत गेली. जुने डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती, डॉक्टर सुखदा. कस्तुराबाई फोनवर घरी बोलत होती ते ऐकून तिचा चेहरा खुलला.

"तुम्ही मराठी? मी पुण्याची. सहा महिने झाले इथे येऊन, ओपीडीत मराठी ऐकलंच नाही. बसा ना. कॉर्टिसॉल एकदम छान आहे तुमचं. झोप कशी आहे? मूड?"

"सरी, ठीक आहे सगळं," कस्तुराबाई सवयीनं म्हणाली. मग तिला राहवलं नाही. आपल्या भाषेत कुणी झोपेचं विचारलं होतं, तेवढ्यानंच बांध फुटला. "रिपोर्ट चांगला आहे ना डॉक्टर? मग मीच अशी वाईट का झाले?" आणि तिनं सगळं सांगितलं, खुरपं, रेशीम, वेलची, सगळं.

सुखदा ऐकत होती आणि फाइलची पानं मागे मागे उलटत होती. एका पानावर ती थांबली.

"पण हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधीच एक्स्प्लेन केलंय की. हे बघा. रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतरही चिडचिड, उदासपणा, रडू येणं, झोप न लागणं, हे महिनोन्महिने राहू शकतं, काही पेशंट्समध्ये वर्षानुवर्षं. इतकी वर्षं त्या हार्मोनचा मेंदूवर मारा झालेला असतो. घरच्यांनी हा पेशंटचा स्वभाव समजू नये, असंसुद्धा लिहिलंय. खाली सही आहे."

सही कन्नडमध्ये होती. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून तिच्याखाली दोन टिंबं दिलेली. दुकानाच्या प्रत्येक पावतीवर कस्तुराबाई ही सही बघत आली होती.

"मला त्या दिवशी स्कॅनला नेलं होतं," ती हळूच म्हणाली.

सुखदाला आता उमगलं. तिनं जरा थांबून आणखी एक पान काढलं, मागच्या वर्षीचं. "यात लिहिलंय, पेशंटचे मिस्टर सांगतात की ती खूप चिडते, एकटीच रडते. मानसोपचारासाठी रेफर केलं. मिस्टर म्हणाले, सध्या नको." तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही वाईट वगैरे नाही झालात, काकू. हे आजाराचंच उरलेलं आहे आणि याला ट्रीटमेंट आहे. गोळ्या आहेत, मनातलं ऐकून घेणारे डॉक्टर आहेत. मी चिठ्ठी देते, या वेळी तुमच्याच हातात."

मागच्या वर्षी त्या वेळी ती शेजारच्या खोलीत बाही वर करून रक्त देत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं होतं, काय म्हणाले? आणि दयानंद म्हणाला होता, सगळं नॉर्मल, चल, इडली खाऊ. ती इडली तिनं आनंदानं खाल्ली होती. रिक्षात बसल्यावर तिला ती इडली आठवली. परक्यानं फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं. ज्यानं आपली वेणी घातली त्यानंच केसानं गळा कापला तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं ती फाइल तिच्याच कपाटात, तिच्याच रेशमी साड्यांखाली होती.

तरीही तिनं त्याला एक संधी दिली. बायका देतात. दुकानात पोचली तेव्हा तो लेस मोजत होता.

"काय म्हणाले?"

"नॉर्मल."

"बघ. मी काय सांगत होतो?"

"अहो, ते जुने डॉक्टर कधी माझ्या मनाबिनाचं काही बोलले होते का तुमच्याशी?"

लेस मोजणारा त्याचा हात थांबलासुद्धा नाही. "नाही बा. का?"

"काही नाही, सहज," असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि हुक लावायला बसली. त्या दिवशी तिनं जिभेवर वेलची धरली नाही, आणि तरी एक शब्द बोलली नाही.

आयुधपूजेला बेंगळुरूत रिक्षापासून रोड रोलरपर्यंत सगळं नटतं. दयानंदच्या दुकानातही मशिनींना तेलपाणी झालं, केळीचे खांब लागले, झेंडूच्या माळा चढल्या, उंबऱ्याशी कुंकू भरलेला कोहळा ठेवला, पूजेच्या शेवटी दृष्ट काढून फोडायचा. पाटावर हत्यारं मांडली. त्या घराची आणखी एक रीत होती, सासरे खंडोजीराव घालून गेलेले. आरतीच्या आधी प्रत्येकानं आपल्या हत्याराला हात लावायचा आणि वर्षभरात आपलं काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. हत्याराला हात लावून खोटं बोललं तर ते पुढच्या वर्षी हात कापतं, असं म्हातारा म्हणायचा. मग पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही.

मशीनवाला रघुपती म्हणाला, दोन दिवस खोटं सांगून सुट्टी मारली. सगळे हसले. कृष्णाबाई म्हणाली, दोऱ्याची दोन रिळं घरी नेली. त्यालाही हसले. मग सगळे कस्तुराबाईकडे बघायला लागले. तिनं तोच मरून ब्लाउज घातला होता, दयानंदनंच सकाळी काढून दिलेला. तिनं कात्रीवर हात ठेवला.

"शिवलीला, तुझ्या आईवरून बोलले ते माझं चुकलं. चारचौघांत बोलले ते जास्तीच चुकलं. मला माफ कर."

"असू दे अक्का," शिवलीला पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

दयानंद समाधानानं मान हलवत पुढे झाला. त्याचं हत्यार म्हणजे बापाचा कापड मोजायचा लाकडी गज. त्यावर हात ठेवायला तो वाकला आणि गजाखाली घडी केलेले दोन कागद त्याला दिसले. वरच्या कागदावर त्याचीच सही होती. त्यानं कस्तुराबाईकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि ही शेवटची संधी आहे हे तिला माहीत होतं, त्यालाही कळलं असावं.

त्यानं कागद उचलले, खिशात घालायला म्हणून मुठीत धरले आणि दुसरा हात गजावर ठेवला.

"माझं काही नाही. कुणाचं मन दुखलं असेल तर सांभाळून घ्या. सरी, आरती घ्या."

"अण्णा, ते कागद कसले?" शिवलीलानं विचारलं.

"हॉस्पिटलचे. जुने आहेत."

"तूच वाच, शिवलीला," कस्तुराबाई म्हणाली. "तुला इंग्रजी येतं."

दयानंदनं मूठ आवळली, पण शिवलीलानं कागदांचं टोक धरलं होतं आणि सणासुदीला भावजयीशी ओढाताण कशी करायची? त्यानं ते सोडून दिले. शिवलीला अडखळत, आपल्या बिदरी मराठीत एकेक ओळ सांगत गेली. रिपोर्ट नॉर्मल आले तरी. वर्षानुवर्षं. स्वभाव समजू नये. मग दुसरा कागद. नवरा म्हणाला, सध्या नको. वाचून झाल्यावर तिनं कागद खाली केले.

"अण्णा, तुम्ही तर म्हणालात, अक्काच्या स्वभावाला औषध नाही."

"ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतं तर ही घाबरली असती," दयानंद म्हणाला. "टेबलावर गेलीच नसती."

"हे मी कबूल करते," कस्तुराबाई म्हणाली. "मागच्या वर्षीचं सांगा."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर गल्लीत काय बोलले असते? कोण गिऱ्हाईक आलं असतं?" तो थांबला, आणि मग त्याच्या तोंडून खरं ते निघालं. "आणि तुला एकदा कळलं असतं ना, की तू रोज तेच पुढे केलं असतंस. काही झालं की दुखणं. मग दुकान कसं चालवायचं मी?"

"म्हणून मला वाईट ठरवलंत? मी सोमवार धरले. तोंडात वेलची धरून बसले दोन महिने. तुमच्यासमोर रडले, मी अशी का झाले म्हणून, तेव्हा तुम्ही सारू मागितलंत." तिचा आवाज चढत गेला. "तुम्हाला माहीत होतं. दर वेळी माहीत होतं."

दयानंदनं बाकीच्यांकडे बघितलं आणि आवाज अगदी मऊ केला, अकरा दिवस बाकावर झोपणाऱ्या नवऱ्याचा.

"बघा, बघताय ना? हे त्यातलंच आहे. डॉक्टरांनी लिहिलंय तेच. तुला गोळ्या लागतील, कस्तुरा. मी नेतो तुला. स्वल्प शांत हो."

कृष्णाबाईच्या डोळ्यांत कीव आली, रघुपतीनं नजर वळवली. कस्तुराबाईला दिसलं की तिनं आणलेला कागद दयानंदनं उचलून तिच्यावरच ठेवला. निर्दोष ठरायची वेळ होती तेव्हा ती आजारी नव्हती, आणि जाब विचारायची वेळ आली तशी ती आजारी झाली.

तिनं श्वास घेतला आणि आपला राग जरा तपासून बघितला, कापड बघावं तसा. तो दुसरा राग कुठून यायचा ते तिला कधीच कळलं नव्हतं. त्याला सुरुवात नसायची, आणि तो गेला की लाज उरायची. ह्या रागाला तारीख होती आणि खाली सही होती. लाज कुठेच नव्हती.

"औषध मी घेणार आहे," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढला नाही. "त्या रडण्याचं, त्या झोपेचं, शिवलीलाला बोलले त्या रागाचं. परवा जाणार आहे, आणि एकटी जाणार आहे. हा राग त्यातला नाही. हा माझा आहे. ह्याच्यावर मला औषध नको."

तिनं पाटावरची कात्री उचलली. "अक्का, बेडा, नको, पूजेतली आहे," कृष्णाबाई म्हणाली. कस्तुराबाईनं पदरानं पात्यावरचं हळदीकुंकू पुसलं, कापायच्या टेबलापाशी गेली आणि गळ्यात टेप अडकवला.

दयानंदनं रघुपतीला कोहळा फोडायला सांगितलं. रघुपती जागचा उठला नाही.